पाटी तीच, माल वेगळा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त झालं दादाच्या फोनचं. घरच्यांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मिरजेला आमच्या नानाकाकांचं गॅरेज होतं. नाना गेले त्याला आता दोन वर्षं होतील. जागा भाड्याने द्यायचं ठरलंय आणि घेणाराही मिळालाय. मुलगा होतकरू आहे, हाताला कसब आहे म्हणतात. त्याची अट एकच, वरची पाटी काढायची नाही. गॅरेज नानांच्याच नावाने चालू द्या, नावाचे वेगळे पैसे देतो म्हणतो. दादाचं (म्हणजे नानांच्या मुलाचं) म्हणणं, देऊन टाकू, नाव तरी राहील. काकू काहीच बोलत नाहीत. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, दोन दिवस दे, विचार करून सांगतो. दोनाचे दहा झाले.

या दहा दिवसांत माझ्या डोक्यात सारखी घोळत राहिली ती जनरल मोटर्स. हसू नका. मिरजेतलं एक शटरचं गॅरेज कुठे आणि जगातली एकेकाळची सगळ्यात मोठी मोटार कंपनी कुठे! पण मी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं मिशिगन राज्यात, लान्सिंगला काढली. ते ओल्ड्समोबिलचं गाव. २९ एप्रिल २००४ रोजी शेवटची ओल्ड्समोबिल तिथल्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा मी गावातच होतो. शंभराहून जास्त वर्षं चाललेलं नाव त्या दिवशी संपलं. आमच्या शेजारचे आजोबा आयुष्यभर त्याच कारखान्यात होते. त्या संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून "वाईट झालं" म्हणालो. ते म्हणाले, "ती गाडी आज नाही गेली, कधीच गेली होती. आज फक्त नाव काढलं."

तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं. मग हळूहळू त्या कंपनीबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि लक्षात आलं की जनरल मोटर्सचा सगळा इतिहास म्हणजे नावांचा इतिहास आहे. नावं विकत घ्यायची, नावं लावायची, नावं बदलायची, आणि नावाखाली आत काय आहे ते... त्याच्यावर पुढे येतोच.

सुरुवात करू फ्लिंटपासून. हेही मिशिगनमधलंच गाव. तिथे विल्यम ड्युरंट नावाचा माणूस घोडागाड्या बनवायचा आणि त्यात त्याने भरपूर पैसा केला होता. मोटार म्हणजे नुसता आवाज आणि धूर असं आधी त्याचं मत होतं म्हणतात. पण १९०४ साली ब्यूक ही डबघाईला आलेली कंपनी त्याने हातात घेतली, ती चालवून दाखवली, आणि १६ सप्टेंबर १९०८ रोजी जनरल मोटर्सची स्थापना केली. मग जी दिसेल ती कंपनी घ्यायचा सपाटा. ओल्ड्समोबिल आली, कॅडिलॅक आली, ओकलंड आली. इतकं कर्ज झालं की १९१० साली बँकवाल्यांनी त्यालाच बाजूला केलं. गडी हार मानणारा नव्हता. लुई शेव्हर्ले नावाचा, मूळचा स्वित्झर्लंडचा, शर्यतीत गाड्या पळवणारा एक रांगडा माणूस त्याने धरला, त्याच्या नावाने १९११ साली दुसरी कंपनी काढली, आणि तिच्या जोरावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स परत मिळवली. १९२० साली ती पुन्हा हातची गेली, ती कायमची. शेवटच्या दिवसांत हा माणूस फ्लिंटमध्ये बोलिंगचा अड्डा चालवत होता. १९४७ साली वारला.

पण मला जास्त चटका लावून गेली ती ज्यांची नावं गाड्यांवर होती त्यांची कथा. डेव्हिड ब्यूक हा स्कॉटलंडमध्ये जन्मलेला माणूस. लोखंडी टबाला पांढरं इनॅमल चढवायची चांगली रीत शोधून आधी नळकामाच्या धंद्यात नाव कमावलेला. मोटारीच्या नादात सगळं घालवलं, स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला, आणि शेवटी डेट्रॉइटमधल्या एका धंदेशिक्षणाच्या शाळेत साधी नोकरी करत १९२९ साली गेला. रस्त्यावरून त्याच्या नावाच्या लाखो गाड्या धावत होत्या! लुई शेव्हर्लेचं ड्युरंटशी पटलं नाही, तो दोन-तीन वर्षांतच बाहेर पडला. नाव मात्र कंपनीकडे राहिलं. पुढे स्वतः गाड्या बनवल्या तेव्हा त्याला त्या दुसऱ्याच नावाने, फ्राँटेनॅक म्हणून, विकाव्या लागल्या. ओल्ड्समोबिल काढणारा रॅन्सम ओल्ड्स त्याआधीच भांडून बाहेर पडला होता. त्यालाही आपलं आडनाव वापरता येईना, म्हणून त्याने नावाची आद्याक्षरं जोडून 'रिओ' नावाची कंपनी काढली. म्हणजे तीन माणसं, तिघांचीही नावं गाड्यांवर, आणि तिघांचाही त्या गाड्यांशी संबंध उरलेला नाही.

कॅडिलॅकची तर आणखीच मजा. ज्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७०१ साली डेट्रॉइट वसवलं त्याचं नाव या गाडीला दिलं. पण त्या गृहस्थाचं खरं नाव अँटवान लोमे. 'द ला मोत कॅडिलॅक' हे खानदानी नाव त्याने अमेरिकेत आल्यावर स्वतःच लावून घेतलं होतं. म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात प्रतिष्ठित गाडीवरचं नाव मुळातच उसनं. :)

आता कोणी म्हणेल, नावात काय आहे? तर नावात काय असू शकतं हेही याच कॅडिलॅकने दाखवलंय. कंपनीचा कर्ताधर्ता हेन्री लेलँड हा बंदुकांच्या कारखान्यात तयार झालेला, केसाएवढीही चूक खपवून न घेणारा माणूस. त्या काळी मोटारीचा प्रत्येक भाग कानशीने घासून घासून बसवावा लागे. एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा नाही. १९०८ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक गाड्या आणल्या, पंचांसमोर त्या पूर्ण सुट्या केल्या, प्रत्येकीचे सातशेहून जास्त भाग. तिन्हींचे भाग एकत्र मिसळले. त्यातले काही काढून घेऊन त्यांच्या जागी दुकानातले नवे सुटे भाग दिले. मग मेकॅनिकांनी नुसते पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर वापरून त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या, आणि तिन्ही गाड्या पाचशे मैल पळाल्या. त्याबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली.

ही गोष्ट नानांना सांगितली होती तेव्हा ते किती खूश झाले होते ते आठवतंय. नानांचा सगळा धंदाच सुट्या भागांवर. आम्ही मुलं सुट्टीत गॅरेजमध्ये लुडबुडायचो तेव्हा ते एकच गोष्ट शिकवायचे. पार्ट आणला की गिऱ्हाइकासमोर खोका फोडायचा, जुना भाग आणि नवा भाग शेजारी ठेवायचे, आणि मगच बसवायचा. "खोक्यावर काय छापलंय ते वाचू नको, आत काय आहे ते बघ." छापणारा काहीही छापतो, असं त्यांचं म्हणणं. ओरिजिनलच्या खोक्यात डुप्लिकेट माल निघायचा काळ तो.

असो. ड्युरंट गेल्यावर कंपनीला खरा आकार दिला तो आल्फ्रेड स्लोन याने. १९२३ साली तो अध्यक्ष झाला. हेन्री फोर्ड एकच गाडी, मॉडेल टी, वर्षानुवर्षं स्वस्त स्वस्त करत विकत होता. स्लोनचं गणित निराळं. प्रत्येकाच्या खिशाला आणि प्रत्येकाच्या कामाला साजेशी गाडी आपल्याकडे पाहिजे, असं त्याने १९२४ च्या सुमारास भागधारकांना सांगितलं. मग नावांची एक शिडीच तयार झाली. सगळ्यात खाली शेव्हर्ले, वर पाँटियॅक, मग ओल्ड्समोबिल, मग ब्यूक आणि सगळ्यात वर कॅडिलॅक. नोकरीला लागलात, शेव्हर्ले घ्या. बढती मिळाली, पाँटियॅक घ्या. डॉक्टर-वकील झालात, ब्यूक घ्या. हप्त्यांवर घ्या (त्यासाठी कंपनीने १९१९ मध्येच आपली पतसंस्था काढली होती), आणि दरवर्षी रूप बदलणार, तेव्हा शेजाऱ्याने नवी आणली की तुम्हीही आणा. फोर्डला १९२७ साली मॉडेल टी बंद करून कारखानेच्या कारखाने थांबवावे लागले. १९३१ पासून पुढे सत्तरहून जास्त वर्षं जनरल मोटर्स ही जगातली सगळ्यात जास्त गाड्या विकणारी कंपनी राहिली.

ही शिडी चालली कशामुळे? नुसत्या नावामुळे नाही. त्या काळी प्रत्येक नावामागे वेगळा कारखाना, वेगळे इंजिनियर, वेगळं इंजिन होतं. ओल्ड्समोबिलने १९४९ साली 'रॉकेट' नावाचं व्ही-८ इंजिन काढलं. ते त्यांचं, लान्सिंगचं इंजिन. त्याचा अभिमान कामगारांना होता आणि गिऱ्हाइकांनाही. नाव म्हणजे एक वचन होतं आणि ते पाळलं जात होतं.

याच भरात ती कंपनी आपल्याकडेही आली होती. १९२८ साली मुंबईत शिवडीला तिचा कारखाना सुरू झाला. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जुळवून शेव्हर्ले गाड्या आणि ट्रक तयार व्हायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण आखलं की नुसती जुळवाजुळव चालणार नाही, इथे गाड्या बनवायच्या असतील तरच राहा. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात कंपनीने गाशा गुंडाळला. पण त्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं चालत राहिल्या. नाना ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्तादांच्या गॅरेजमध्ये शिवडीची एक जुनी शेव्हर्ले होती. नानांनी पहिलं इंजिन उघडलं ते तिचं. त्यामुळे नानांच्या तोंडी 'शेवरलेट' हे नाव देवाचं घ्यावं तसं यायचं.

कंपनीचं सगळंच गोड होतं असं समजू नका. १९३६ च्या डिसेंबरात फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या मारला. ४४ दिवस हलले नाहीत. तेव्हा कुठे कंपनीने त्यांची युनियन मान्य केली. १९५३ साली कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स विल्सन अमेरिकेचे संरक्षणमंत्री व्हायला निघाले तेव्हा सिनेटसमोर त्यांना विचारलं गेलं, कंपनीच्या तोट्याचा निर्णय घ्याल का? ते म्हणाले, घेईन, पण देशाच्या भल्याचं ते कंपनीच्या भल्याचं आणि उलटही, असंच मी समजत आलोय. लोकांच्या लक्षात मात्र राहिलं ते फक्त "कंपनीच्या भल्याचं ते देशाच्या भल्याचं." बोललेलं एक, प्रसिद्धी दुसऱ्याचीच. पण अमेरिकेत विकली जाणारी जवळजवळ दर दुसरी गाडी ज्या कंपनीची, तिच्याबद्दल लोक असंच ऐकणार. मग १९६५ साली राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने मोटारींच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं. पहिलंच प्रकरण शेव्हर्लेच्या कॉर्व्हेअर गाडीवर. कंपनीने गाडी तपासायच्या ऐवजी त्याच्याच मागे गुप्तहेर लावले! १९६६ साली अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेट समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला.

पण हे सगळं बाहेरून झालेले घाव. खरी कीड लागली ती आतून, आणि ती सापडली एका गॅरेजवाल्यासारख्या साध्या प्रसंगात. १९७७ साली शिकागोकडच्या एका माणसाने नवी ओल्ड्समोबिल दुरुस्तीला नेली, तर ओल्ड्समोबिलचे सुटे भाग त्यात बसेचनात. बघतात तर आत इंजिन शेव्हर्लेचं! गिऱ्हाइकाने जास्त पैसे मोजले होते ते लान्सिंगच्या रॉकेट इंजिनसाठी. ओल्ड्समोबिलला मागणी एवढी वाढली होती की इंजिनं कमी पडायला लागली, म्हणून हजारो गाड्यांत शेव्हर्लेची बसवून दिली होती, कोणाला न सांगता. इलिनॉय राज्याने खटला भरला, मग आणखी राज्यांनी. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा आहे: इंजिन आकाराने आणि ताकदीने तेवढंच आहे, शेवटी सगळी जनरल मोटर्सचीच! आणि गंमत म्हणजे शेव्हर्लेचं ते इंजिन वाईट नव्हतंच, फार चांगलं होतं. पण प्रश्न तो नव्हता. शेवटी कंपनीला भरपाई द्यावी लागली, आणि पुढे जाहिरातींत बारीक अक्षरांत लिहावं लागलं की आमच्या गाड्यांत आमच्या कुठल्याही विभागाचं इंजिन असू शकतं. म्हणजे पन्नास वर्षं ज्या शिडीवर धंदा उभा होता तिच्या पायऱ्या एकाच मापाच्या आहेत, हे कंपनीने स्वतःच छापून टाकलं.

त्यानंतर तर खर्च वाचवायचा म्हणून सरळसरळ एकाच गाडीला पाच बिल्ले लागायला लागले. १९८२ च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकने 'सिमरॉन' काढली. ती मुळात शेव्हर्लेची स्वस्तातली कॅव्हेलिअर, आत चामड्याच्या गाद्या घातलेली. ज्या नावासाठी तीन गाड्या सुट्या करून मिसळून पुन्हा उभ्या केल्या होत्या, ते नाव असं खर्ची पडलं.

आता याच्या उलट एक उदाहरण. माझं फार आवडतं. १९८४ साली जनरल मोटर्स आणि टोयोटाने मिळून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला कारखाना सुरू केला. तो आधी जनरल मोटर्सचाच होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम, म्हणून बंद पडलेला. बरेचसे कामगार तेच घेतले, पद्धत मात्र टोयोटाची, आणि त्याच माणसांनी उत्तम गाड्या बनवून दाखवल्या. तिथे एकाच रांगेत एक गाडी टोयोटा कोरोला म्हणून बाहेर पडायची आणि तीच थोड्याफार फरकाने जनरल मोटर्सची जिओ प्रिझम म्हणून. कारखाना तोच, कामगार तेच, इंजिन टोयोटाचंच. पण प्रिझम स्वस्तात द्यावी लागायची, आणि सेकंडहँड बाजारात तिची किंमत कोरोलापेक्षा भराभर उतरायची. चांगला माल असून लोक पैसे द्यायला तयार नव्हते, कारण वर नाव कुणाचं आहे ते बघून त्यांनी आपलं मत ठरवलं होतं. शहाणी माणसं तेव्हा म्हणे प्रिझम घ्यायची आणि गालात हसायची. :)

लोक मूर्ख होते असं मला वाटत नाही. त्यांनी पंधरा-वीस वर्षांत एक धडा घेतला होता: या कंपनीच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही.

आपल्याकडची गोष्ट तर तुम्हाला आठवत असेल. २००३ पासून भारतात पुन्हा शेव्हर्लेचं नाव आलं. पण गाड्या? ऑप्ट्रा म्हणजे कोरियातली देवूची लासेटी. स्पार्क म्हणजे जी देवू मॅटिझ आपण आधीच रस्त्यावर बघितली होती, तीच नटूनथटून. टवेरा म्हणजे जपानच्या इसुझूची पँथर. फॉरेस्टर तर चक्क सुबारूची. पुढे सेल आणि एन्जॉय आल्या त्या चीनमधल्या भागीदारीतून. नानांनी स्पार्कचं बोनेट उघडून बघितलं होतं. काही बोलले नाहीत, झाकून ठेवलं आणि हात पुसले. (स्पार्क वाईट गाडी होती असं नाही हं, आमच्या ओळखीत दोघांनी दहा दहा वर्षं वापरली.)

आणि मग १ जून २००९. कर्ज, पेन्शनचा बोजा, त्यात २००८ ची मंदी. जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकन सरकारने एकूण सुमारे ५० अब्ज डॉलर घातले, त्यातले जवळजवळ ११ अब्ज परत आले नाहीत. ४० दिवसांत नवी कंपनी उभी राहिली. हे कसं केलं ते नीट वाचा. चांगले कारखाने, चांगले ब्रँड आणि 'जनरल मोटर्स' हे नाव नव्या कंपनीला दिलं. जुन्या कंपनीचं नाव बदलून 'मोटर्स लिक्विडेशन कंपनी' ठेवलं आणि जुनी देणी, नको असलेले कारखाने, बरेचसे जुने दावे तिच्या गळ्यात मारले. म्हणजे नाव एकीकडे आणि नावाची जबाबदारी दुसरीकडे! कायद्याने यात गैर काही नव्हतं, आणि लाखो लोकांच्या नोकऱ्या वाचल्या हेही खरं. पाँटियॅक, सॅटर्न वगैरे नावं मात्र संपली.

पण जुन्या पापांना कोणी नवं नाव सांगितलं नव्हतं. २०१४ च्या सुरुवातीला एक प्रकरण बाहेर आलं. शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांचा किल्ली फिरवायचा स्विच ढिला होता. किल्लीला जड जुडगा असला, गुडघ्याचा धक्का लागला किंवा गाडी खड्ड्यात आदळली, की स्विच आपोआप मागे फिरायचा. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. मरणारे बरेचसे तरुण, कारण गाड्या स्वस्तातल्या, पहिल्या गाडीच्या. तो भाग सुधारायचा खर्च एका डॉलरच्या आतला होता, असं अमेरिकन संसदेच्या चौकशीत पुढे आलं.

आणि आता ऐका, ही गोष्ट वाचली तेव्हा मी खुर्चीतून उठून बसलो होतो. २००६ साली कंपनीतल्या एका इंजिनियरने तो स्विच सुधारून घेतला होता. पण पार्ट नंबर बदलला नाही! जुना स्विच आणि नवा स्विच, खोक्यावरचा नंबर एकच. त्यामुळे कंपनीतलेच तपास करणारे पुढे कित्येक वर्षं चक्रावून गेले. जुन्या गाड्यांत अपघात होतात, नव्यांत होत नाहीत, आणि नंबर तर तोच, म्हणजे स्विचचा दोष नसणार. उलगडा कसा झाला? मुलगी गमावलेल्या एका आईवडिलांच्या वकिलाने एक तंत्रज्ञ नेमला. त्याने जुना स्विच आणि नवा स्विच दोन्ही आणले, उघडले, आणि शेजारी शेजारी ठेवून बघितले.

नाना दुसरं काय करायचे हो?

कंपनीने २६ लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ साली ९० कोटी डॉलर दंड भरायचं कबूल करून कंपनीने फौजदारी खटला टाळला. कंपनीने स्वतः नेमलेल्या वकिलाच्या चौकशी अहवालात तिथल्या लोकांनी सांगितलेले दोन शब्द आहेत. एक 'जीएम होकार': बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणी काहीच करायचं नाही. दुसरा 'जीएम सलाम': हाताची घडी घालून दोन्ही बोटं दुसऱ्यांकडे दाखवायची. आणि ज्या नव्या कंपनीने जुन्या देण्यांपासून हात झटकले होते, तिला २०१६ साली अपील कोर्टाने सांगितलं की या स्विचच्या बाबतीत दिवाळखोरीच्या आड लपता येणार नाही, कारण त्या लोकांना तुम्ही कधी कळवलंच नव्हतंत. नाव घेतलंत ना, मग दावेही घ्या.

याच सुमाराला, २०१३ साली, भारतात एक लाख चौदा हजार टवेरा परत बोलावल्या गेल्या होत्या. प्रदूषणाच्या तपासणीसाठी द्यायच्या गाड्यांत आधीच कमी धूर देणारी म्हणून ठरलेली निवडक इंजिनं बसवली जात होती, असं कंपनीच्याच चौकशीत निघालं. पुन्हा तेच. वरून तीच गाडी, आत दुसरंच इंजिन. कंपनीने हे स्वतःहून सरकारला कळवलं आणि काहीजणांना घरी पाठवलं, तेवढं तिच्या बाजूने लिहायला पाहिजे.

तळेगावचा कारखाना २००८ च्या सप्टेंबरात मोठ्या थाटात सुरू झाला होता. २०१७ अखेर शेव्हर्लेची भारतातली विक्री थांबली, आणि २०२० च्या डिसेंबरात तळेगावहून शेवटची गाडी निघाली. २०२१ साली चौदाशेच्या आसपास कामगारांना कमी केल्याच्या नोटिसा गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२४ च्या जानेवारीत कारखाना ह्युंदाईकडे गेला. मधल्या काळात पुण्याला जाता-येता मी तिथून जायचो तेव्हा लान्सिंगचे ते शेजारचे आजोबा हटकून आठवायचे.

एवढं सगळं लिहिल्यावर कंपनीवर अन्याय नको. गाडी हँडल न मारता बटणाने सुरू व्हायची सोय १९१२ च्या कॅडिलॅकने दिली. त्याआधी हँडल उलटा फिरून माणसांचे हात मोडायचे. माणसाच्या हृदयाचं काम शस्त्रक्रियेपुरतं करणारं एक यंत्र १९५२ साली तिच्याच प्रयोगशाळेने डेट्रॉइटच्या एका डॉक्टरबरोबर बनवलं आणि त्यावर रुग्ण वाचला. असं करू शकणारी माणसं तिथे कायम होती. स्विच सुधारणारा इंजिनियरही तिथलाच. नंबर न बदलणाराही तोच.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझं मत, पाटी देऊ नये.

पैशाचा प्रश्न नाही, आणि तो मुलगा फसवेल असंही मी म्हणत नाही. कदाचित नानांपेक्षा चांगला निघेल. पण उद्या कोणी जुना गिऱ्हाईक पाटी बघून गाडी आत घालेल तेव्हा तो नानांच्या भरवशावर घालेल, आणि नाना तर आत नाहीत. काम बिघडलं तर तो मुलगा म्हणेल पाटी तुमची, आणि आपण म्हणू गॅरेज तुझं. आपणही हाताची घडी घालून उभे. आणि काम चांगलं झालं तर ते त्या मुलाच्या नावावर जमा व्हायला नको का? ब्यूकसारखं आयुष्यभर दुसऱ्याच नावाला कशाला वाढवायचं त्याने? नानांनीही उस्तादांची पाटी वापरली नव्हती. उस्तादांनी चार गिऱ्हाइकं पाठवली होती, बस्स. तेवढं आपणही करू. जुन्या लोकांना मी स्वतः फोन करून सांगेन की या मुलाकडे जाऊन बघा, तो खोका समोर फोडतो की नाही ते बघा, आणि मग काय ते ठरवा.

पाटी उतरवून घरी आणून ठेव. नानांचे पान्हे मात्र त्या मुलाला द्यावेत असं मला वाटतं, काकूंची हरकत नसेल तर. त्यांना विचारून कळव.